बसभाडं कमी झालं की माणसं कुठे जातात?

आजचा विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचा एसटीच्या तिकिटाशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो ‘सवय’ या शब्दातून येतो. माणूस एखादी गोष्ट का निवडतो आणि एकदा निवडलेलं पुन्हा पुन्हा का करत राहतो, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न. ॲरिस्टॉटलने त्यावर लिहिलं, आणि विल्यम जेम्सने १८९० साली मानसशास्त्राच्या ग्रंथात सवयीला एक अख्खं प्रकरण दिलं. मराठीत तर ‘अंगवळणी पडणं’ असा नेमका शब्दप्रयोगच आहे. गोष्ट डोक्यातून अंगात उतरते, मग तिचा विचार करावा लागत नाही. सरकार बसचं भाडं कमी करतं तेव्हा ते लाखो माणसांच्या अंगवळणी पडलेल्या गोष्टींना हात घालत असतं. तो हात कुठवर पोचतो आणि कुठे पोचत नाही, एवढंच आज बघायचं आहे.

आधी थोडी माहिती. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली, आणि सवलती तिला नव्या नाहीत. विद्यार्थ्यांचे पास आहेत, ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी अहिल्याबाई होळकरांच्या नावाने मोफत पास आहे. अलीकडे दोन मोठ्या सवलती आल्या. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना प्रवास मोफत झाला. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धं तिकीट. १७ मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या महिलांना एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत अर्धं तिकीट. या सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच्या आहेत, आणि जो पैसा प्रवाशाकडून येत नाही तो राज्य सरकारने महामंडळाला द्यायचा, अशी व्यवस्था. मुंबईत वेगळा प्रयोग झाला. तिथे बेस्टने ९ जुलै २०१९ पासून सगळ्यांसाठीच भाडं उतरवलं. पहिल्या पाच किलोमीटरचं साध्या गाडीचं भाडं आठ रुपयांवरून पाच रुपये झालं, वातानुकूलित गाडीचं सहा. स्त्री-पुरुष, वय, ओळखपत्र असं काही नाही. चढा, पाच रुपये द्या.

इतर काही राज्यांनी याहून पुढचं पाऊल टाकलं. तमिळनाडूत मे २०२१ पासून शहरी साध्या बसगाड्यांत महिलांना तिकीटच नाही. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजना आली, तेलंगणात त्याच वर्षी डिसेंबरात महिलांचा प्रवास मोफत झाला. दिल्लीने तर ऑक्टोबर २०१९ मध्येच गुलाबी तिकीट आणलं होतं.

आता मूळ प्रश्न. भाडं कमी झालं की प्रवासी वाढतात, हे कोणीही सांगेल. पण किती? वाहतूकशास्त्रात याचं जुनं गणित आहे. अमेरिकेत १९६० च्या दशकात एक ठोकताळा रूढ झाला: भाडं तीन टक्क्यांनी वाढलं तर प्रवासी साधारण एक टक्का घटतात. पुढे २००४ साली ब्रिटनमध्ये तोवरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा निघाला. त्यात बसच्या बाबतीत असं दिसलं, की भाडं दहा टक्के बदललं तर लगेचच्या काळात प्रवासी साधारण चार टक्के बदलतात, आणि पुढच्या बारा-पंधरा वर्षांत तोच बदल दहा टक्क्यांच्या घरात जातो.

या दोन आकड्यांमध्ये जी फट आहे ना, ती म्हणजे सवय. चार आणि दहा. भाडं उतरल्याबरोबर माणूस आपलं आयुष्य बदलत नाही. त्याची नोकरी, घर, मुलांची शाळा, गाडीचा हप्ता, हे सगळं जुन्या भाड्याच्या हिशेबाने बसलेलं असतं. पण दोन वर्षांनी मुलीला कॉलेज निवडायचं असतं, पाच वर्षांनी जुनी मोटरसायकल काढून टाकायची असते, घर बदलायचं असतं. त्या त्या वेळी स्वस्त बस हिशेबात येते. म्हणून योजना सुरू झाल्यावर सहा महिन्यांत ‘यशस्वी झाली की फसली’ असा निकाल वर्तमानपत्रांत देतात, तो आम्हाला फार घाईचा वाटतो. रोप लावलं आणि दुसऱ्या दिवशी उपटून मुळं बघितली, त्यातला प्रकार.

पैशाच्या बाजूनेही हे पाहा. समजा शंभर प्रवासी शंभर रुपयांनी जात होते. उत्पन्न दहा हजार. भाडं नव्वद केलं, लगेच एकशे चार प्रवासी झाले. उत्पन्न ९,३६०. म्हणजे तोटा. बरीच वर्षं थांबलात आणि प्रवासी एकशे दहा झाले, तर ९,९००. तोटा जवळजवळ भरून येतो, पण मधली वर्षं कोणीतरी काढावी लागतात. ती सरकारने काढायची असतात. प्रतिपूर्तीचा खरा अर्थ हा आहे. ब्रिटनचे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण हिशेबाची चाल हीच राहते.

आता, वाढलेले प्रवासी येतात कुठून? ही गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि चर्चेत नेमकी हीच राहून जाते. नवा प्रवासी तीन ठिकाणांहून येऊ शकतो. तो आधी चालत जात असेल. तो दुसऱ्या वाहनाने जात असेल: स्वतःची दुचाकी, शेअर रिक्षा, सातारा-कोल्हापूरकडचं वडाप, मराठवाडा-विदर्भातली काळीपिवळी. किंवा तो आधी जातच नसेल.

बहुतेक सरकारांना वाटतं, की माणसं स्वतःची गाडी सोडून बसमध्ये येतील आणि रस्ते मोकळे होतील. एस्टोनियाची राजधानी टॅलिन इथे जानेवारी २०१३ पासून शहरात नोंदणी असलेल्या सगळ्या रहिवाशांना बस, ट्राम फुकट झाली. वर्षभराने पाहणी केली तेव्हा सार्वजनिक वाहनांचा वापर १४ टक्क्यांनी वाढलेला दिसला. मोटारीच्या फेऱ्यांचं प्रमाण थोडं कमी झालं होतं, पण जे मोटारीने जात होते ते सरासरी जास्त अंतर जाऊ लागले होते. आणि पायी जाण्याचं प्रमाण? ते ४० टक्क्यांनी घटलं. म्हणजे बसमध्ये आलेल्यांत चालणारे बरेच होते. दोन थांबे अंतर आहे, फुकट आहे, बसा. गाडीवाल्याला मुळात बसचं तिकीट महाग वाटतच नव्हतं. त्याला बस गैरसोयीची वाटत होती. भाडं उतरवून गैरसोय उतरत नाही.

टॅलिन श्रीमंत नसलं तरी युरोपातलं शहर. आपल्या तालुक्यांत चित्र वेगळं आहे, कारण आपल्याकडे ‘जातच नव्हता’ हा तिसरा गट फार मोठा आहे. आणि इथे ‘नव्हता’ऐवजी ‘नव्हती’ म्हटलं पाहिजे.

आपण एक काल्पनिक घर घेऊ. तालुक्यापासून चोवीस किलोमीटरवरचं गाव. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याने मोजतात, तेव्हा हे चार टप्पे झाले. एका बाजूचं तिकीट चाळीस रुपये धरू. घरात एक मोटरसायकल आहे. जाऊन येऊन अठ्ठेचाळीस किलोमीटर, म्हणजे साधारण लिटरभर पेट्रोल, शंभर-एकशे पाच रुपये. सवलतीआधी नवरा-बायको दोघं एसटीने गेली तर एकशे साठ रुपये. मोटरसायकल स्वस्त. सवलतीनंतर त्याचे ऐंशी आणि तिचे चाळीस, एकूण एकशे वीस. तरीही मोटरसायकलच स्वस्त. म्हणजे दोघं मिळून जातात तेव्हा अर्ध्या तिकिटाने काहीच बदललं नाही. पेट्रोल वाचलं नाही, रस्ता मोकळा झाला नाही. मोटारी मोजणारा माणूस म्हणेल, योजना निष्फळ.

पण ती एकटी गेली तर? चाळीस रुपये. आणि तो एकटा मोटरसायकलवर गेला तर शंभर. घरातलं तालुक्याचं काम कोणी करायचं, या प्रश्नाचं उत्तर इथे पहिल्यांदा उलटं आलं. बँकेत जायचंय, बचतगटाचा हप्ता भरायचाय, मुलाला दवाखान्यात न्यायचंय, तर सगळ्यात स्वस्त पडतं ते तिने जाणं. आधी ती मागच्या सीटवर बसून जाई, म्हणजे त्याला वेळ होई तेव्हा जाई आणि त्याचं काम संपेल तेव्हा परते. आता ती आपल्या वेळेने जाते. मोटरसायकलची फेरी तशीच राहिली असेल, पण तिच्या दिवसाचा मालक बदलला. हा बदल इंधनाच्या आकड्यांत दिसणार नाही.

इथे तत्त्वज्ञानाचा एक मुद्दा येतो. किंमत ही दोन कामं करते. एक तर ती खरोखर अडवते: पैसे नाहीत, जाता येत नाही. दुसरं, ती कारण म्हणून वापरली जाते. ‘कशाला एवढे पैसे घालवून जायचं?’ हे वाक्य आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या बोललं गेलं आहे, आणि त्यात पैशाची काळजी किती आणि ‘तू जाऊ नयेस’ हे किती, याची वजावट कोणी केलेली नाही. भाडं अर्धं झालं की पहिली अडचण अर्धी होते. दुसरी मात्र उघडी पडते. आता नाही म्हणायचं तर खरं कारण सांगावं लागतं. माहेरी चार दिवस जाऊन येते म्हणणाऱ्या सुनेला ‘तिकिटाला पैसे लागतात’ हे उत्तर आता पुरत नाही. सासूला दुसरं काहीतरी बोलावं लागतं, आणि बोललेल्या कारणाला उत्तर देता येतं. न बोललेल्याला नाही.

म्हणूनच या योजनांवरचा एक आक्षेप आम्हाला खटकतो. ‘बायका विनाकारण फिरायला लागल्या.’ कर्नाटकात योजना सुरू झाली तेव्हा धर्मस्थळासारख्या देवस्थानांच्या गावी जाणाऱ्या बसगाड्यांना मोठी गर्दी झाली, आणि हाच सूर तिथेही लागला. आपल्याकडे अक्कलकोट-तुळजापूरच्या गाडीत अर्ध्या तिकिटावर निघालेल्या बायकांचा घोळका दिसला की कोणीतरी बोलतोच. आता गंमत बघा. कचेरीत काम नसताना तालुक्याच्या ठिकाणी चहाच्या टपरीवर दिवस घालवून येणाऱ्या पुरुषाला कोणी विचारत नाही, की बाबा रे, तुझा प्रवास सकारण होता का? प्रवास सकारण की विनाकारण हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आधी सोडवा, मग गर्दीबद्दल बोलू. तीस वर्षं पंचक्रोशी ओलांडली नव्हती अशा बाईने तीन मैत्रिणींबरोबर देवीला जाणं यात सरकारचा पैसा वाया गेला असं आम्हाला वाटत नाही. एकटीने गाडी बदलणं, फलाट शोधणं, परतीची वेळ विचारणं हे सगळं तिने तिथे शिकून घेतलं. पुढच्या महिन्यात जिल्हा रुग्णालयात जाताना तेच कामी येतं. सवय अशीच लागते, देवाच्या निमित्ताने लागली तरी.

तमिळनाडूचं चित्र थोडं निराळं आहे. तिथली योजना रोजच्या शहरी गाड्यांची, म्हणून तिचा परिणाम कामाच्या प्रवासात दिसतो. तिथल्या राज्य नियोजन आयोगाच्या पाहणीत महिलांचे महिन्याला सरासरी ८८८ रुपये वाचतात असं आढळलं. घरकाम करणाऱ्या, दुकानात उभं राहणाऱ्या बाईच्या पगारात ही रक्कम म्हणजे मोठी वाढच. आपल्या एसटीच्या सवलतीचा उपयोग शहरात रोज कामाला जाणाऱ्या बाईला तितका होत नाही, कारण शहरांतल्या बसगाड्या ज्या त्या महापालिकेच्या किंवा तिच्या उपक्रमाच्या. एसटीचा नियम तिथे आपोआप लागू होत नाही. एकाच राज्यात गावाहून शहरात येताना अर्धं तिकीट आणि स्थानकाबाहेर पडल्यावर पूर्ण, असं चालू आहे.

आता बेस्टकडे येऊ, कारण तिथे दुसरी बाजू दिसते. पाच रुपये भाडं झाल्यावर काही महिन्यांत रोजचे प्रवासी वीस लाखांच्या आसपासून तीस लाखांच्या आसपास गेले. रेल्वे स्थानकापासून घरापर्यंतचं जे अंतर लोक शेअर रिक्षाने किंवा पायी कापत होते, ते बसने कापू लागले. इतकी मोठी प्रतिक्रिया कोणत्याही ठोकताळ्यात बसत नाही. पण त्याच काळात गाड्यांचं काय चाललं होतं? एकेकाळी बेस्टचा ताफा चार हजारांच्या पुढे होता. पुढच्या वर्षांत तो तीन हजारांच्या आसपास घसरला. जुन्या गाड्या आयुष्य संपून भंगारात जात राहिल्या आणि भाडेतत्त्वावरच्या नव्या गाड्या त्या वेगाने आल्या नाहीत. स्वस्त तिकीट हातात, आणि थांब्यावर पाऊण तास.

थांब्यावरचा वेळ हीसुद्धा किंमतच आहे. वाहतूक नियोजनात साधारणपणे थांब्यावर वाट पाहण्याचं एक मिनिट गाडीत बसलेल्या दोन मिनिटांबरोबर धरतात, कारण वाट पाहताना माणूस नुसता थांबत नाही, तो अनिश्चिततेत थांबतो. आणि सवयीला अनिश्चितता चालत नाही. नऊ दहाची गाडी नऊ दहाला येते म्हणून ती अंगवळणी पडते. कधी नऊला, कधी साडेनऊला, कधी नाहीच, अशी गाडी फुकट असली तरी तिची सवय लागत नाही. तिची फक्त आशा करता येते. बेल्जियममधल्या हॅसेल्ट शहरात १९९७ साली बस फुकट केली तेव्हा प्रवासी दहा पटींहून अधिक वाढले, असं फार कौतुकाने सांगतात. तिथे त्याच वेळी बसमार्ग आणि फेऱ्याही कितीतरी वाढवल्या होत्या, हे सांगायचं राहून जातं. आणि खर्च पेलेना म्हणून २०१३ नंतर तिथली सरसकट मोफत सेवा बंद झाली, हेही.

मुंबईत ९ मे २०२५ पासून पाच रुपयांचे दहा झाले, वातानुकूलितचे बारा. आता कोणी म्हणेल, २०१९ ला भाडं उतरवून जे प्रवासी आले ते चढवल्यावर परत जातील, हिशेब शून्य. तसा तो होत नाही. पाच रुपयांमुळे ज्याने शेअर रिक्षा सोडली, त्याच्याकडे भाडं वाढल्यावर थोडे पैसे टाकून दुचाकी घेण्याचा पर्याय आहे. एकदा दुचाकी दारात आली की पुढे तिकीट पुन्हा पाच रुपये केलं तरी तो परतत नाही. येण्याची वाट लांब असते, जाण्याची जवळ.

गावाकडे हीच गोष्ट मुक्कामाच्या गाडीत दिसते. रात्री शेवटची एसटी गावात यायची, चालक-वाहक देवळात किंवा शाळेच्या पडवीत झोपायचे आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला निघायची. त्या एका गाडीवर सकाळचं कॉलेज, दुधाच्या किटल्या आणि कचेरीतला पहिला नंबर अवलंबून असे. २०२१-२२ चा लांबलेला संप, त्याआधीची करोनाची टाळेबंदी, जुन्या होत गेलेल्या गाड्या, यांत कितीतरी गावांची मुक्कामाची गाडी बंद झाली ती झालीच. त्या गावातल्या मुलीच्या हातात अर्धं तिकीट आहे, पण गाडी अकराला येते आणि तिचं कॉलेज साडेसातला भरतं.

वेळ झाली आहे, तरी दोन प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न असा आला आहे, की ‘योजनेचे लाभार्थी इतके कोटी’ असे आकडे जाहिरातीत येतात, ते खरे मानावेत का? आकडा खरा असतो, शब्द चुकीचा असतो. तिकीट देणाऱ्या यंत्राला माणूस ओळखता येत नाही, ते तिकीट मोजतं. महिन्याला पंचवीस दिवस कॉलेजला जाणारी एक मुलगी पन्नास वेळा मोजली जाते, आणि वर्षातून एकदा माहेरी जाणारी बाई दोनदा. दोघी महत्त्वाच्या, पण त्यांचा प्रवास सारखा नाही. कोणत्या मार्गावर, कोणत्या वेळेला सवलतीची तिकिटं जास्त फाटतात, हे त्या यंत्रांतून काढता येईल. फेऱ्या कुठे वाढवायच्या ते त्यावरून कळेल.

दुसरा प्रश्न: पैसे मोजकेच असतील तर ते सवलतीत घालावेत की नव्या गाड्यांत? जिथे दर आठ-दहा मिनिटांनी गाडी आहे तिथे भाडं उतरवा, तिथे माणसं थांब्यावर उभीच आहेत. ज्या गावात दिवसाला दोन गाड्या येतात तिथे आधी तिसरी द्या, आणि ती सकाळी सहाची द्या.